कवच आणि माळ : दख्खनमधील शहामृगाचा पुरावा व माळढोकाचे संरक्षण

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटणे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तेथील शिलालेखामुळे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव नृपती सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अव्याहत चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापिला व स्थानिक निकुंभ राजांनी त्यास दाने दिली, अशी हकीकत त्या लेखात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे मांडला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९७२-७३ साली, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे एस. ए. साळी यांनी याच गावच्या शिवारात उत्खनन केले. त्यात जे हाती आले ते अक्षरांकित नव्हते. परंतु त्यावरही मानवी हाताने ओढलेल्या रेघा होत्या. ते होते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे.

या तुकड्यांपैकी एकावर समांतर रेषांच्या चौकटीत एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. त्याच्या सोबतीस कवचापासून घडविलेले मणीही मिळाले. किरणोत्सारी कर्बाच्या मोजणीने या थराचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला, म्हणजे उत्तर पुराश्मयुगाचा. भारतातील मानवनिर्मित अलंकरणाच्या सर्वांत जुन्या निःसंदिग्ध नमुन्यांत या तुकड्याची गणना होते आणि कलेतिहासाच्या ग्रंथांतून त्याचा उल्लेख येतो तो त्याच नात्याने. येथे मात्र विचार करावयाचा आहे तो रेघांचा नव्हे, ज्या वस्तूवर त्या ओढल्या गेल्या तिचा. उडू न शकणारा एक महाकाय पक्षी एके काळी महाराष्ट्राच्या भूमीवर अंडी घालीत होता, ही गोष्ट त्या तुकड्याने सिद्ध होते. आणि ती सिद्ध झाल्यावर त्या भूमीच्या स्वरूपाविषयी काही प्रश्न अपरिहार्यपणे उभे राहतात.

प्रथम पुराव्याची बाजू पाहू. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांवरून भारतात शहामृग असल्याचे प्राणिशास्त्रज्ञांस एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्झ यांनी १८७१ साली त्या जातीस ‘आशियाई शहामृग’ या अर्थाचे शास्त्रीय नाव दिले. पण शिवालिकचे थर लाखो वर्षांपूर्वीचे. त्यांचा मानवी इतिहासाशी संबंध जोडणे अवघड होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. राजस्थान, मध्य प्रदेश व महाराष्ट्र या प्रदेशांत मिळून चाळीसच्या वर स्थळी कवचाचे तुकडे सापडले. भीमबेटका येथील शैलाश्रयांत वि. श्री. वाकणकर यांस याच द्रव्याचे मणी मिळाले.

एवढे तुकडे मिळू लागल्यावर एक स्वाभाविक दोषही शिरला. पुष्कळशा तुकड्यांवर बारीक रेषा दिसत आणि त्या सर्व कोरीवकाम म्हणून नोंदविल्या जाऊ लागल्या. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तेव्हा असे दिसले की त्यांपैकी बहुतेक रेषा वनस्पतींच्या मुळ्यांनी कवचावर केलेल्या क्षरणाच्या खुणा आहेत. ऑस्ट्रेलियातील शैलकला-अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी हा आक्षेप १९९० च्या दशकात ठामपणे मांडला. या छाननीतून जे टिकले त्यांत पाटण्याचा तुकडा अग्रगण्य आहे. उत्साहाच्या भरात झालेल्या नोंदी अशा रीतीने गाळल्या गेल्याने पुराव्याचे बळ कमी झाले असे कोणास वाटेल; वस्तुतः ते वाढले. शिवाय रेषा मुळ्यांच्या ठरल्या तरी कवच शहामृगाचेच राहते, आणि प्रस्तुत विषयाला तेवढे पुरेसे आहे.

कवच दुरून व्यापाराने आले असेल काय, ही दुसरी शंका. मणी लांबचा प्रवास करतात, हे खरे. परंतु न घडविलेले तुकडे इतक्या विस्तृत प्रदेशात इतक्या ठिकाणी विखुरलेले आढळतात की पक्षी त्याच प्रदेशात वावरत होता असे मानणेच सयुक्तिक होय. २०१७ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी राजस्थान व मध्य प्रदेशातील कवचांतून प्राचीन जनुकद्रव्य मिळविण्यात यश संपादिले. त्यावरून हा पक्षी आफ्रिकेतील आजच्या शहामृगाचा अगदी निकटचा आप्त असल्याचे दिसून आले. म्हणजे आफ्रिकेतील पक्ष्याच्या राहणीवरून येथील पक्ष्याच्या राहणीचे अनुमान करण्यास आता पूर्वीपेक्षा अधिक आधार आहे.

ही राहणी कशी असते? शहामृग दाट अरण्यात राहत नाही. त्याचे संरक्षण दोनच गोष्टींवर अवलंबून असते : दूरवर पोहोचणारी नजर आणि ताशी साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत जाणारा पळण्याचा वेग. या दोहोंस मोकळे मैदान लागते. विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, झुडपी माळ, अर्धे वाळवंट हेच त्याचे घर. तो घरटे बांधीत नाही. जमिनीत उथळ खळगा करतो आणि त्यात अनेक माद्या अंडी घालतात. एकेक अंडे सव्वा-दीड किलोचे, कवच सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे. कवच जाड म्हणूनच ते पंचवीस हजार वर्षे टिकले आणि अंडे मोठे म्हणूनच माणसाने ते उचलले. पुरावा निर्माण होण्याचे आणि पक्ष्यावर संकट येण्याचे कारण अशा रीतीने एकच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पक्ष्याची हाडे कवचाच्या मानाने फारच विरळा मिळतात. यावरून माणूस पक्ष्यापेक्षा त्याच्या अंड्याच्या मागे अधिक होता असा तर्क करण्याचा मोह होतो; परंतु हाडांपेक्षा कवच अधिक टिकाऊ असते हेही तितकेच खरे असल्याने तो तर्क फार ताणू नये.

कवचे सापडली त्या स्थळांचा नकाशा पुढे ठेवला की एक गोष्ट नजरेत भरते. ही स्थळे कमी पावसाच्या, सपाट वा किंचित लहरी भूप्रदेशात आहेत. सह्याद्रीच्या पश्चिमेस मात्र पाटी कोरी आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेण-रोहे भागातील खांबसारखे एखादे गाव घेऊन विचार करावा. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, डोंगरउतारावर साग-ऐनाचे रान, खाली भातखाचरे, खाडीकडे खाजणे. अशा भूमीवर शहामृग धावला असेल अशी कल्पनाही करवत नाही. आणि चुकून अंड्याचे कवच पडलेच असते तर त्या ओल्या, आम्ल मातीत चुनखडीचे ते द्रव्य विरघळून गेले असते. खांब आणि पाटणे एकाच राज्यात आहेत, पण जीवसृष्टीच्या दृष्टीने त्या दोन भिन्न भूमी आहेत. मराठी मुलखाचा निसर्ग म्हटला की लेखणी कोकणाकडे व सह्याद्रीच्या रानांकडे वळते, आणि घाटावरच्या उघड्या माळास ‘उजाड’ या एका विशेषणात वाटेला लावले जाते. जंगल तुटून माळ झाला, म्हणून माळावर झाडे लावली की त्याचे कल्याण झाले, अशी समजूत शासकीय कागदांत व शाळेच्या पुस्तकांत दीर्घकाळ नांदत आली आहे. पाटण्याचे कवच या समजुतीच्या विरुद्ध उभे राहणारे पहिले साक्षीदार आहे.

पहिले, पण एकटे पुरेसे नव्हे. पंचवीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वी शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्याकडे चालली होती, मोसमी पाऊस आजच्याहून दुर्बळ होता; तेव्हा त्या काळी गवताळ असलेली जमीन नंतरच्या ओल्या शतकांत अरण्याने झाकली गेली नसेल कशावरून, असे कोणी विचारल्यास त्याला कवचाने उत्तर देता येणार नाही. उत्तर मधल्या काळाच्या साधनांत शोधावे लागते. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मिळालेल्या हाडांत काळविटाची हाडे आहेत, आणि काळवीट हा उघड्या गवताचाच प्राणी. मध्ययुगीन मराठी वाङ्मयात, स्थळपुराणांत व लोकगीतांत येणारी झाडे व गवते एकत्र करून पाहण्याचा प्रयत्न आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी अलीकडे केला; २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पश्चिम महाराष्ट्राचा पठारी भाग निदान साडेसातशे वर्षे तरी विरळ झाडांचा गवताळ प्रदेशच होता असा निष्कर्ष आहे. पेशवाईच्या दप्तरांत घोडदळाच्या चाऱ्यासाठी राखलेल्या सरकारी कुरणांचे उल्लेख ठायी ठायी येतात. कुरण राखणे म्हणजे गवत राखणे. ज्या राज्याचे बळ घोड्यावर होते त्यास माळ उजाड वाटणे शक्यच नव्हते.

शहामृग या दीर्घ काळात केव्हा नाहीसा झाला? हिमयुगाच्या अखेरीस वा त्यानंतरच्या काही सहस्रकांत, यापलीकडे काटेकोर उत्तर नाही. हवामानाचा पालट आणि माणसाची अंडीचोरी या दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, याबद्दल संशोधकांत एकमत नाही, आणि कवचांच्या आधारे ते होईल असे वाटत नाही. भाषेचा पुरावा मात्र बोलका आहे. मराठीतील ‘शहामृग’ हा शब्द फारसी ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, याचे रूपांतर होय. मूळ शब्दातील ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. तो मराठी कानाला ‘मृग’ वाटला आणि पक्ष्याचे हरीण झाले. ज्या पक्ष्यासाठी स्वतःचे नाव नाही आणि उसन्या नावातही ज्याचे पक्षीपण पुसले गेले, तो ही भाषा बोलणाऱ्यांनी आपल्या मुलखात कधीच पाहिला नव्हता, हे उघड आहे.

‘माळढोक’ हा शब्द याच्या उलट आहे. माळावरचा ढोक असे त्याचे सरळ, देशी नाव. हा पक्षी उडतो. त्यास शहामृगाच्या पंक्तीस बसविणे शास्त्रशुद्ध नव्हे, आणि दोघांच्या कुळांचाही निकट संबंध नाही. परंतु नर माळढोकाचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते, उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक आहे, दिवसाचा बहुतेक वेळ तो पायी चालून काढतो आणि अंडे उघड्या जमिनीवर घालतो. शहामृगाने सोडलेल्या भूमीवर त्याच तऱ्हेने जगणारा जो मोठा पक्षी उरला तो हा. भेद एवढाच की शहामृगाच्या खळग्यात पंधरा-वीस अंडी असत. माळढोकाची मादी हंगामात बहुधा एकच अंडे घालते, सुमारे सत्तावीस दिवस एकटी उबविते आणि पिलाचे संगोपनही एकटीच करते. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, गुरांचा पाय, यांपैकी कशानेही ते अंडे गेले की त्या मादीचे वर्ष बहुधा फुकट गेले.

एकोणिसाव्या शतकात हा पक्षी दख्खनमध्ये विपुल होता. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत त्याची नोंद आहे. त्याच सुमाराची दुसरी नोंद अधिक विषण्ण करणारी आहे : रॉबर्ट मॅन्सफील्ड नामक एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका बंदुकीने मारलेल्या पक्ष्यांची ही संख्या आज जगात शिल्लक असलेल्या सर्व माळढोकांच्या कित्येक पट आहे. तथापि शिकारीवर सर्व दोष टाकून मोकळे होणे सोयीचे असले तरी ते अपुरे ठरेल. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी जमीनमोजणी व महसूलपद्धती सुरू केली. सारा हलका ठेवला, तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली आणि पडीक जमीन लागवडीखाली यावी हा उद्देश उघडपणे बाळगला. पद्धत यशस्वी झाली आणि मुंबई इलाख्यात इतरत्र नेली गेली. रयतेच्या दृष्टीने त्यात पुष्कळ हित होते, हे नाकारता येत नाही. पण महसुली भाषेत जे ‘पडीक’ होते ते माळढोकाचे अंडे घालण्याचे ठिकाण होते, आणि त्यासाठी त्या भाषेत रकाना नव्हता. पुढील वनकायद्यांनी वृक्ष राखले. गवतास त्यांतही रकाना मिळाला नाही.

राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा विचार चालू होता तेव्हा डॉ. सलीम अली यांनी माळढोकाचा पक्ष घेतला होता. (मुंबईच्या दक्षिणेस, खांबपासून फार दूर नसलेल्या अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांचे निरीक्षण करून त्यांनी १९३० च्या सुमारास नाव मिळविले होते, माळावरच्या पक्ष्यासाठी मात्र त्यांचे वजन कमी पडले.) १९६३ साली तो मान मोरास मिळाला. मोर सुंदर आहे, परिचित आहे, पुराणांत आहे. संरक्षणाची गरज असलेल्या पक्ष्यास मान द्यावा हा विचार त्या काळी फारसा रुजला नव्हता.

महाराष्ट्रात माळढोक अद्याप आहे ही गोष्ट १९७० च्या दशकाच्या आरंभी सोलापूरचे निसर्गाभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांच्या निरीक्षणांमुळे पुन्हा प्रकाशात आली. स्थळ होते सोलापूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले नान्नज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यास सर्वोच्च संरक्षण दिलेच होते. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांतील तालुक्यांचे भाग जोडून माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात करमाळा, माढा, मोहोळ, श्रीगोंदे, कर्जत इत्यादी तालुक्यांचे प्रदेश येत. नेवासेही येई, जेथे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ या काळात प्रवरेच्या काठी अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर उकलले होते. आदिमानवाचा माळ आणि माळढोकाचा माळ असे शासकीय नकाशावर एकदाचे एक झाले.

पण नकाशावरच. या आठ हजारांवर चौरस किलोमीटरांत शेकडो गावे, बाजारपेठा, हमरस्ते, रेल्वेमार्ग व बागायत यांचा समावेश होता. पक्ष्यास प्रत्यक्ष उपयोगी असे गवत त्यात किती होते? फार थोडे. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली नान्नज, मार्डी, गंगेवाडी इत्यादी ठिकाणी कुंपण घालून राखलेले तुकडे हेच खरे माळढोकाचे आश्रयस्थान ठरले. गंमत अशी की हे तुकडे माळढोकासाठी राखलेले नव्हते. दुष्काळी भागात मृदसंधारण व चारा-लाकूड यांची सोय व्हावी म्हणून ते बंदिस्त झाले होते. गुरे थांबली, गवत वाढले, टोळ-नाकतोडे वाढले आणि पक्षी आला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली माळढोकाचा दीर्घ अभ्यास चालविला, त्यातील एक केंद्र नान्नज होते. मोठ्या अभयारण्यापेक्षा लहान, शांत, चराईमुक्त गवताचे तुकडे व त्यांच्या भोवती कोरडवाहू शेती ही जोडणी पक्ष्यास मानवते, हा त्या निरीक्षणांतून निघणारा धडा होता. परंतु त्याच तुकड्यांत वनीकरणाच्या नावाखाली गिरिपुष्पासारखी झाडेही लावली गेली. झाड हे सत्कृत्य आणि गवत ही उणीव, हा जुना समज अभयारण्याच्या कुंपणाच्या आतही पोहोचला.

याच वर्षांत भोवतालची शेती बदलली. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. ज्वारी-करडईच्या जिल्ह्यात ऊस आला. कोरडवाहू ज्वारीच्या रानात माळढोक फिरू शकतो, उसाच्या फडात त्यास पाऊल टाकता येत नाही. आणि अभयारण्याच्या अवाढव्य सीमेचा परिणाम उलटच झाला. सीमेत येणाऱ्या खाजगी जमिनींच्या खरेदी-विक्रीवर, बांधकामावर, उद्योगांवर निर्बंध आले. ज्या शेतकऱ्याने हा पक्षी जन्मात पाहिला नव्हता त्याच्याही सातबाऱ्यावर पक्ष्याची छाया पडली. लोकांच्या मनात रोष साठला आणि तो अन्यायाचा नव्हता. दीर्घ वादानंतर, २०१२ च्या सुमारास, सीमा आखडून क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोवर तीन दशके निघून गेली होती. नान्नजच्या गणनेत पूर्वी दोन आकडी संख्या लागत असे. ती एकेरी अंकावर आली आणि पुढे एखाददुसऱ्या पक्ष्याच्या दर्शनावर समाधान मानावे लागले. २०११ साली जागतिक सूचीत माळढोकाची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. आज उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानच्या थर प्रदेशात आहेत. एकूण संख्या दोनशेच्या आत आहे.

राजस्थानात आता जो मार्ग अवलंबिला आहे तो अंड्याचा. २०१८ साली केंद्र सरकार, राजस्थान सरकार व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांत करार झाला. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यातील सम येथील केंद्रात रानातून उचललेली अंडी यंत्रात उबवून पिले वाढविण्यास प्रारंभ झाला. बंदिवासातील पक्ष्यांपासूनही पुढे पिले निपजली आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिलू जन्मले. विजेच्या उंच तारांना धडकून मरणाऱ्या पक्ष्यांचा प्रश्न २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तारा भूमिगत करण्याचा सरसकट आदेश २०२४ साली शिथिल होऊन तज्ज्ञसमितीकडे सोपविला गेला.

अंडे उचलण्याची ही रीत खऱ्या अर्थाने उड्डाणहीन असलेल्या एका पक्ष्यावर आधी आजमावली गेली होती. न्यूझीलंडमधील किवीची पिले रानात सोडली तर शेकडा पाचच मोठी होत, बाकीची बाहेरून आणलेल्या मुंगुसासारख्या शिकारी प्राण्यांच्या तोंडी पडत. १९९४ पासून तेथे अंडी बिळांतून उचलून उबवावयाची, पिलू सुमारे किलोभर वजनाचे होईतो राखावयाचे आणि मग मूळ रानात सोडावयाचे, अशी व्यवस्था सुरू झाली. रात्री हिंडणारा हा पक्षी लोकांस दिसावा म्हणून तेथील वन्यजीव-उद्यानांत दिवसा अंधार व रात्री उजेड करून ठेवतात. किवीचे संकट मात्र बेटाचे आहे. शिकारी प्राणी आवरला की रान मोकळे होते. खंडावरच्या माळाचे तसे नाही. तेथे शिकारी प्राणी मुळातच होते, पक्षी त्यांच्यासह हजारो वर्षे जगला. नाहीशी झाली ती जागा.

म्हणून तुलनेस अधिक जवळचे उदाहरण अरबस्तानचे ठरते. अरबी शहामृग हा आशियातील शेवटचा शहामृग. बंदुका व मोटारी आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास तो संपला. सौदी अरेबियाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस महाझत अस-सैद या नावाचे दोन हजारांवर चौरस किलोमीटरचे माळरान कुंपणाने वेढले आणि गुरे बाहेर काढली. गवत परतल्यावर तेथे प्रथम अरबी ऑरिक्स हे हरीण, नंतर हुबारा हा माळढोकाच्या कुळातील पक्षी आणि १९९० च्या दशकात उत्तर आफ्रिकेतील लाल मानेचा शहामृग सोडण्यात आला. मूळ जात गेली होती. निकटचा आप्त आणावा लागला. तरी शहामृग व माळढोककुळातील पक्षी एकाच बंदिस्त गवतावर पुन्हा एकत्र नांदू लागले. दख्खनमध्ये हे सहजीवन पंचवीस हजार वर्षांपूर्वी होते काय, हे सांगण्यास माळढोकाच्या अंड्याचे पातळ कवच उरत नाही. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी गवत, मग हरीण, शेवटी पक्षी. दख्खनमध्ये शहामृग आणावा असे येथे सुचवावयाचे नाही. नान्नजच्या भोवती कुंपणाइतकी सलग जमीनच शिल्लक नाही, आणि तेथील माणसांस हलवून ती करणे इष्टही नाही.

सम येथील पिले वाढून एखाद्या दिवशी त्यांस मूळ भूमी शोधण्याची वेळ येईल तेव्हा महाराष्ट्राचा विचार होणे क्रमप्राप्त आहे. त्या वेळी विचारला जाणारा प्रश्न पक्ष्यांच्या संख्येचा नसेल. चराई व नांगर यांपासून मोकळे, झाडे न लावलेले गवत किती चौरस किलोमीटर आहे, हा असेल. नान्नजच्या तुकड्यांत काळवीट आज चांगल्या संख्येने आहेत, त्यांच्या मागे लांडगेही आहेत, पावसाळ्यात चंडोल गातात. लावलेली झाडे काही ठिकाणी काढून गवत मोकळे करण्याचे कामही वनखात्याने हाती घेतले होते. पाटण्यास कवच सापडले त्या थरावर नदीने आणलेली माती चढली आहे. तेथून दक्षिणेस सोलापूरपर्यंतच्या पट्ट्यात अशाच मातीखाली आणखी कवचे असण्याचा संभव मोठा आहे, आणि त्यांची पद्धतशीर पाहणी अद्याप व्हावयाची आहे.